धागा : दोन कॅसेट, तीन मशीन, एक डिझॉल्व्ह – टेपवरच्या ए-बी रोलबद्दल

निळाई

ए-बी रोल म्हणजे दोन कॅसेटवरचे शॉट मिसळून तिसरीवर उतरवायचे. माझी जोडणी अशी: दोन एस-व्हीएचएस प्लेयर, एक एस-व्हीएचएस एडिट रेकॉर्डर, मध्ये पॅनासॉनिकचा डब्ल्यूजे-एमएक्स५० मिक्सर आणि तिन्ही मशीन चालवणारा ए-बी रोल कंट्रोलर. सगळं पाल पद्धतीचं (सेकंदाला २५ फ्रेम). टाइमकोड (टेपवर लिहिलेला प्रत्येक फ्रेमचा पत्ता) वाचणारं कार्ड नाही, त्यामुळे मोजणी कंट्रोल ट्रॅकवर, म्हणजे टेपच्या कडेच्या ठोक्यांवर. संगणक मध्ये कुठेच आणायचा नाही, शेवटची कॅसेट टेपवरूनच तयार व्हायला हवी.

कट नीट बसतात. डिझॉल्व्हला (एक चित्र विरत दुसरं उमटतं तो बदल) मात्र तीन अडचणी येतात. एक, डिझॉल्व्ह सुरू व्हायच्या क्षणी चित्र किंचित बाजूला सरकतं आणि उजळपणा बदलतो. दोन, काही शॉटना कंट्रोलर प्री-रोल करतो (वेग यावा म्हणून टेप थोडी मागे नेऊन चालवतो) आणि मध्येच एडिट सोडून देतो. तीन, एकच डिझॉल्व्ह तीनदा केला तर तिन्ही वेळा दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे होतो. नेमकं कुठे बघायचं?

पाऊणइंची

पहिल्या अडचणीचं कारण बहुधा असं: कट करताना तुम्ही प्लेयर थेट रेकॉर्डरला जोडता आणि डिझॉल्व्हपुरता मिक्सर मध्ये घालता. बरोबर ना?

असं केलं की आधीचा शॉट थेट वायरीतून आलेला आणि त्याचंच पुढचं टोक मिक्सरच्या डिजिटल मेमरीतून आलेलं. मिक्सरमधून गेलेलं चित्र आडवं थोडं सरकतं, काळ्याची आणि पांढऱ्याची पातळीही केसभर बदलते. एरवी ते कोणाच्या लक्षात येत नाही. पण डिझॉल्व्हच्या तोंडाशी तोच शॉट चालू असतो, नवा शॉट अजून दिसायला लागलेला नसतो, म्हणून उडी उघडी पडते. उपाय एकच. सगळे कटसुद्धा मिक्सरमधूनच काढा. सुरुवातीच्या कलरबारपासून (रंगपट्ट्यांपासून) शेवटच्या ब्लॅकपर्यंत रेकॉर्डरला फक्त मिक्सरचं आउटपुट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याला मॅच-फ्रेम म्हणतात ते शक्यतो करूच नका. म्हणजे असं: शॉट १ रेकॉर्ड करून झाला, आता त्याच्या शेवटी डिझॉल्व्ह हवा. तुम्ही डिझॉल्व्हच्या सुरुवातीला इन (रेकॉर्डिंग सुरू व्हायची खूण) मारता, प्लेयर ए बरोबर त्याच फ्रेमवर आणायला बघता आणि सांधा लपेल अशी आशा धरता. बेटाकॅमवर (व्यावसायिक टेपवर) टाइमकोडसह हे जमतं. कंट्रोल ट्रॅकवरच्या एस-व्हीएचएसवर सहसा जमत नाही. त्याऐवजी शॉट १ जिथे कटने सुरू झाला तिथे इन मारा आणि शॉट १ पुन्हा पूर्ण रेकॉर्ड करत डिझॉल्व्हमध्ये जा. सांधा आधीच्या कटाखाली जातो. कट म्हणजे चित्र बदलणारच, तिथे एका फ्रेमचा फरक कोणाला दिसतो?

मिक्सिंगवाला

+१. लग्नाच्या कॅसेटच्या मिक्सिंगमध्ये सगळे हेच करायचे, नाव माहीत नसलं तरी. दोन डिझॉल्व्ह लागोपाठ असतील (१ मधून २, २ मधून ३) तर तिन्ही शॉट एका दमात काढायचे. शॉट २ चालू असताना ए प्लेयरमधली कॅसेट बदलून किंवा पुढे पळवून शॉट ३ ला आणता येत नाही, कारण कंट्रोलरला प्री-रोल लागतो. म्हणून शॉट १ आणि ३ एकाच कॅसेटवर नेमक्या अंतराने आधीच उतरवून ठेवायचे. ए-रोल आणि बी-रोल म्हणतात ते यालाच: विषम शॉट एका कॅसेटवर, सम शॉट दुसऱ्यावर, मधल्या जागेत ब्लॅक.

पाऊणइंची

अगदी. पण त्यात एक पिढी वाया जाते हेही सांगा. मूळ कॅसेट पहिली पिढी, ए-बी रोलची प्रत दुसरी, मास्टर तिसरी, वाटायच्या कॅसेट चौथी. एस-व्हीएचएसवर तिसऱ्या पिढीत लाल रंग कडेने ओघळायला लागतो. साध्या व्हीएचएसवर आडवे तपशील मुळात २४० ओळींच्या आसपास, तिथे तिसरी पिढी म्हणजे चेहरे पुसट. म्हणून फक्त साखळी-डिझॉल्व्हसाठी रोल बांधा. एकट्या डिझॉल्व्हला मूळ कॅसेटच लावा. दोन्ही शॉट एकाच मूळ कॅसेटवर असतील तर त्यांतला कमी तपशिलाचा शॉट बी कॅसेटवर उतरवा. आकाश, भिंत, जवळचा चेहरा चालतो. झाडं, गर्दी, जरीची साडी उतरवू नका.

वेक्टरमावशी

दुसऱ्या अडचणीबद्दल, एडिट मध्येच सुटण्याबद्दल.

कंट्रोल ट्रॅक म्हणजे टेपच्या कडेला पालमध्ये सेकंदाला २५ या दराने उमटलेले ठोके. कंट्रोलर तेच मोजतो आणि मशीनची सर्व्होही त्यांनाच धरून टेपचा वेग बांधते. कॅमेऱ्यात नुसतं पॉझ करून पुढे रेकॉर्ड केलं तर कॅमेरा टेप थोडी मागे घेऊन सांधा जुळवतो, ठोके सलग राहतात. पण मध्ये कॅसेट काढली, मागचं बघितलं आणि अंदाजाने पुढे नेऊन रेकॉर्ड केलं, तर दोन शॉटच्या मध्ये कोरी टेप राहते. कोऱ्या टेपवर ठोके नाहीत. टेप सरकते, आकडा थांबतो.

आता तुमचा शॉट त्या कोऱ्या तुकड्यानंतर २ सेकंदांनी सुरू होतो आणि प्री-रोल ५ सेकंदांचा आहे असं धरा. मशीन ५ सेकंदांचे ठोके मागे मोजायला जाते, कोरी जागा ओलांडते, जास्तच मागे जाते. पुढे येताना कोऱ्या जागेत सर्व्होची पकड सुटते. इन पॉइंट येईपर्यंत मशीन लॉक झालेली नसते, म्हणून कंट्रोलर एडिट सोडतो. बिघाड कंट्रोलरचा नाही.

त्या शॉटसाठी हे करा: एक कॅसेट पूर्ण ब्लॅक मारून घ्या. मिक्सरमधून काळं देऊन टोकापासून टोकापर्यंत सलग रेकॉर्डिंग, मध्ये न थांबता. १८० मिनिटांच्या कॅसेटला १८० मिनिटं लागतात, त्याला इलाज नाही. त्या ब्लॅकच्या किमान १० सेकंद आतमध्ये तो शॉट इन्सर्ट मोडने (आधीचे ठोके न पुसता) उतरवा. प्लेयर हाताने प्ले करून रेकॉर्डर हाताने इन्सर्टमध्ये टाकला तरी चालतं, इथे फ्रेम अचूक असायची गरज नाही. आता शॉटच्या आधी १० सेकंदांचे सलग ठोके आहेत. ही कॅसेट बी म्हणून लावा, प्री-रोल बिनबोभाट होईल.

आणि पुढचं चित्रीकरण करणाऱ्याला निरोप द्या: रेकॉर्ड दाबल्यावर १० सेकंद थांबून मग कृती सुरू करायची, संपल्यावरही ५ सेकंद चालू ठेवायचं. डिझॉल्व्हला मागचा शेपूट आणि पुढचं तोंड दोन्ही लागतं. २५ फ्रेमच्या डिझॉल्व्हला ए शॉट तुम्ही ठरवलेल्या शेवटापुढे आणखी १ सेकंद वापरण्याजोगा असला पाहिजे. तिथेच कॅमेरा हलला असेल किंवा कोणी "कट" म्हणालं असेल, तर तो डिझॉल्व्ह होत नाही.

कृष्णधवल

मूलभूत शंका. असेंबल आणि इन्सर्ट या रेकॉर्डिंगच्या दोन पद्धतींत डिझॉल्व्हच्या दृष्टीने फरक काय पडतो?

वेक्टरमावशी

असेंबलमध्ये मशीन चित्र, आवाज आणि कंट्रोल ट्रॅक सगळंच नव्याने लिहिते. सुरुवातीचा सांधा चांगला येतो. पण आउटला गडबड होते, कारण पूर्ण रुंदीचं इरेज हेड रेकॉर्डिंग हेडच्या आधी बसलेलं असतं. थांबता त्या क्षणी पुढचा टेपचा तुकडा आधीच पुसला गेलेला असतो. म्हणून असेंबलने फक्त पुढे पुढेच जाता येतं. मधला डिझॉल्व्ह नंतर सुधारायला गेलात की त्याच्या पुढचा शॉट खड्ड्यात.

इन्सर्टमध्ये कंट्रोल ट्रॅकला हात लागत नाही, ड्रमवर फिरणारं फ्लाइंग इरेज हेड फक्त चित्राच्या तिरप्या रेघा पुसतं. आत-बाहेर दोन्ही सांधे स्वच्छ. म्हणून मास्टर कॅसेट आधी ब्लॅक मारायची आणि सगळं काम इन्सर्टने करायचं. घरगुती व्हीसीआरमध्ये फ्लाइंग इरेज हेड नसेल तर सांध्यानंतर काही सेकंद इंद्रधनुषी पट्टे दिसतात. जुना रंग अर्धवट उरलेला असतो. ते वायरीने किंवा टीबीसीने (टाइम बेस करेक्टर, चित्राच्या ओळींचा ताल सुधारणारं यंत्र) जात नाहीत.

एक सापळा: व्हीएचएसचा हाय-फाय आवाज फिरत्या हेडने चित्राच्याच रेघांखाली लिहिला जातो. चित्र इन्सर्ट केलं की तिथला हाय-फाय आवाज गेला. कडेचा साधा ट्रॅक तेवढा शाबूत. बेटाकॅम एसपीवरही चॅनेल ३ आणि ४ तसेच, चित्राशी बांधलेले. वेगळे इन्सर्ट करता येतात ते १ आणि २. संगीत चॅनेल ३ वर टाकून मग डिझॉल्व्ह सुधारायला बसू नका.

मिक्सिंगवाला

तिसरी अडचण, दोन-तीन फ्रेमचा फरक. त्यासाठी टीबीसी घ्या, सगळं सुटेल.

पाऊणइंची

नाही हो. तिथे थोडी गल्लत होतेय. दोन वेगळे प्रश्न आहेत.

टेपवरून येणारं चित्र ओळीओळीला थोडं पुढेमागे होतं, कारण टेप ताणली जाते, ड्रमचा वेग हलतो. टीव्ही ते सहन करतो. पण दोन चित्रं एकत्र मिसळायची तर दोघांची प्रत्येक ओळ एकाच क्षणी सुरू व्हायला हवी. टीबीसी ते करतो: ओळी मेमरीत भरतो आणि बाहेरच्या संदर्भ सिग्नलच्या तालावर बाहेर सोडतो. एमएक्स५० मध्ये दोन्ही बाजूंना फ्रेम सिंक्रोनायझर (पूर्ण फ्रेम मेमरीत धरून ताल जुळवणारा भाग) आतच आहे, म्हणून निळाईंना मिसळण्यापुरता वेगळा टीबीसी लागत नाही. साध्या ॲनालॉग मिक्सरला मात्र लागतो. शिवाय तिथे यू-मॅटिक किंवा बेटाकॅम प्लेयरला त्याच ब्लॅक बर्स्ट (तालासाठीचा काळा सिग्नल) जनरेटरचा संदर्भ द्यावा लागतो.

फ्रेमचा फरक येतो दोन कारणांनी. पहिलं, कंट्रोल ट्रॅकची मोजणी. टेप वेगाने मागेपुढे पळवली की ठोके निसटतात, प्रत्येक फेरीत एखाद-दोन. दुसरं, फ्रेम सिंक्रोनायझरच. तुमचे प्लेयर बाहेरच्या संदर्भाला बांधलेले नाहीत, आपापल्या तालावर चालतात. मिक्सर आपल्या तालाला जुळवायला कधी एक फ्रेम थांबवतो, कधी गाळतो. टीबीसी लावून यातलं काहीच बदलत नाही.

उतारा असा: प्रत्येक प्रयत्नाआधी तिन्ही मशीनवर इन पॉइंट नव्याने डोळ्याने बघून मारा. जॉग डायलने, फास्ट फॉरवर्डने नाही. आणि प्रिव्ह्यू एकदाच करा. पाच वेळा प्रिव्ह्यू केला की पाच वेळा मोजणी घसरते, वर टेप झिजते ती वेगळीच. याहून अचूक हवं असेल तर टाइमकोड. मोकळा आवाजाचा ट्रॅक असेल तर त्यावर एलटीसी (आवाजासारखा लिहिलेला टाइमकोड) लिहून घ्या आणि वाचणारा कंट्रोलर वापरा. एलटीसी स्थिर चित्रावर वाचता येत नाही, टेप चालू असावी लागते. व्हीआयटीसी (चित्रातच लिहिलेला टाइमकोड) स्थिर फ्रेमवरही वाचता येतो, कारण तो चित्राच्या वरच्या न दिसणाऱ्या ओळींत असतो. पण चित्र रेकॉर्ड होतानाच घातलेला असावा लागतो, मागाहून प्रत काढल्याशिवाय टाकता येत नाही.

मिक्सिंगवाला

मान्य. मग डिझॉल्व्ह हाताने दांडा ओढून करायचा की ऑटोवर?

पाऊणइंची

ऑटोवर. फ्रेममध्ये लांबी भरा. हाताने केलेला डिझॉल्व्ह पुन्हा तसाच होत नाही, आणि टेपवर "पुन्हा" होणारच असतं. अपवाद संगीताचा: लांब आलापावर ३-४ सेकंदांचा डिझॉल्व्ह हाताने जास्त चांगला येतो, सुरुवात हळू आणि मध्ये वेगात.

लांबी किती? ८ फ्रेम म्हणजे नुसता मऊ कट, मुलाखतीतला जर्क लपवायला. १२ फ्रेम म्हणजे साधारण अर्धा सेकंद, त्याच जागेतला काळ थोडा पुढे. २५ फ्रेम नेहमीचा. ५० च्या पुढे दोन्ही चित्रं एकावर एक बघायची असतात, तेव्हा त्यांच्या रचनेत एकमेकांसाठी रिकामी जागा हवी. अमेरिकी पुस्तकं वाचत असाल तर सावध: तिथे एक सेकंद म्हणजे ३० फ्रेम धरतात, ड्रॉप-फ्रेमचा (मोजणीतले काही आकडे गाळायचा) हिशेब असतो आणि काळ्याला ७.५ टक्क्यांचं सेटअप असतं, म्हणजे काळा शून्याच्या वर धरतात. पालमध्ये २५ फ्रेम, ड्रॉप-फ्रेम नाही, सेटअप नाही. ते आकडे इथे भरले तर काळा करडा होतो.

कृष्णधवल

माझ्याकडे एकच प्लेयर आहे, बाकी रेकॉर्डर आणि निळाईंचाच मिक्सर. डिझॉल्व्ह विसरायचा का?

मिक्सिंगवाला

विसरायचा नाही, फ्रीझवर काढायचा. ए शॉट जिथे संपतो तिथे प्लेयर थांबवा, मिक्सरच्या ए बाजूला ती फ्रेम फ्रीझ करा. ती आता मिक्सरच्या मेमरीत आहे, कॅसेट काढली तरी राहते. बी बाजूला तोच प्लेयर निवडा, दुसरी कॅसेट घाला. रेकॉर्डरवर ए शॉटच्या शेवटच्या फ्रेमला इन मारा, प्री-रोल द्या, इनला ऑटो टेक (डिझॉल्व्ह आपोआप करणारं बटण) दाबा. गोठलेल्या चित्रातून चालत्या चित्रात डिझॉल्व्ह.

पथ्य: ए शॉट शेवटी जवळजवळ स्थिर असावा. चालणारा माणूस मध्येच गोठला की डिझॉल्व्ह नाटकातल्या दिव्यासारखा वाटतो. १० ते १२ फ्रेमपेक्षा लांब नको. आणि फ्रीझ करताना फील्ड (अर्धी फ्रेम, एकाआड एक ओळींची) निवडता येत असेल तर फील्ड घ्या. फ्रेम फ्रीझमध्ये हलत्या कडा थरथरतात, कारण दोन फील्ड ५० मिलिसेकंदांच्या फरकाने टिपलेली असतात.

वेक्टरमावशी

२० मिलिसेकंद. सेकंदाला ५० फील्ड.

मिक्सिंगवाला

हो, २०. आकडे उलटे झाले.

वेक्टरमावशी

एका प्लेयरवर फेड हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. ए शॉट १२ फ्रेममध्ये काळ्यात, ५ फ्रेम काळं, तिथे सांधा, मग बी १२ फ्रेममध्ये वर. सांधा काळ्यात असल्यामुळे उडी, रंगफरक, फ्रेमचा घोळ, काहीच दिसत नाही. मास्टरवरचं काळं आणि मिक्सरचं काळं एकाच पातळीचं हवं, म्हणून ब्लॅक मारतानाही मिक्सरमधूनच मारा.

वाइपबद्दल (सरकत्या रेघेने एक चित्र पुसत दुसरं येतं तो बदल) कोणी विचारलं नाही, पण रंग जुळवायला तोच सगळ्यांत चांगला मापक आहे. दोन्ही कॅसेटच्या सुरुवातीचे कलरबार चालू करा, उभा वाइप अर्ध्यावर थांबवा. डावी बाजू ए, उजवी बी. मधल्या रेघेवर बार वरखाली किंवा फिके-गडद दिसत असतील तर आधी पातळ्या जुळवा. वेव्हफॉर्म मॉनिटर (सिग्नलची पातळी दाखवणारा) असेल तर काळा ०.३ व्होल्टवर, पांढरा १ व्होल्टवर. नसेल तर मॉनिटरचा रंग पूर्ण उतरवून करड्या पायऱ्या बघा, मग रंग चढवा. ह्यूचं (रंगछटेचं) बटण पालवर शोधू नका. रंगाच्या सिग्नलच्या फेजची चूक पालमध्ये रंग बदलत नाही, फिका करते. फिका दिसला तर क्रोमा (रंगाचा जोर) वाढवायचा.

कृष्णधवल

आणि हे सगळं कागदावर कसं मांडायचं? तीन मशीनचे आकडे डोक्यात राहत नाहीत.

पाऊणइंची

एडिट डिसिजन लिस्टच्या (एडिटच्या नोंदींच्या यादीच्या) पद्धतीने. आकडे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असे, आधी प्लेयरच्या कॅसेटवरचे, मग मास्टरवरचे. डिझॉल्व्हला दोन ओळी लागतात. उदाहरण: शॉट ए ५ सेकंद, मग २५ फ्रेमचा डिझॉल्व्ह, डिझॉल्व्ह धरून शॉट बी ७ सेकंद.

००३ – ए – कट – ०१:०४:१०:०० ते ०१:०४:१५:०० – मास्टर १०:०२:००:०० ते १०:०२:०५:००
००४ – ए – कट – ०१:०४:१५:०० ते ०१:०४:१५:०० – मास्टर १०:०२:०५:०० ते १०:०२:०५:००
००४ – बी – डिझॉल्व्ह ०२५ – ०२:११:३०:०० ते ०२:११:३७:०० – मास्टर १०:०२:०५:०० ते १०:०२:१२:००

००४ ची पहिली ओळ शून्य लांबीची आहे, ती चूक नाही. "इथून निघायचं" एवढंच ती सांगते. ए मशीन प्रत्यक्षात ०१:०४:१६:०० पर्यंत चालते, लिस्टमध्ये तो सेकंद दिसत नाही. तो शिल्लक आहे ना हे हाताने तपासायचं असतं, बहुतेक फसलेले डिझॉल्व्ह तिथेच फसतात. बी पूर्ण दिसायला लागतो ०२:११:३१:०० ला, म्हणून त्यातली महत्त्वाची हालचाल त्याच्या आधी नको. प्री-रोलसाठी बी कॅसेटवर ०२:११:२५:०० पासून सलग मोजणी हवी.

आणि आधी सांगितल्याप्रमाणे ००३ आणि ००४ एकाच दमात रेकॉर्ड करा. इन १०:०२:००:०० ला.

निळाई

कट थेट जोडणीने काढत होते, तेच कारण दिसतंय. मास्टर मिक्सरमधूनच पुन्हा ब्लॅक मारायला घेतला आहे. एक राहिलं: डिझॉल्व्हसोबत आवाजही मिसळायचा तर मिक्सरचा ऑडिओ फॉलो वापरू का?

वेक्टरमावशी

संवादाला नको. फॉलो लावलं की आवाज नेमका चित्राबरोबर मिसळतो, दोन माणसांचे शब्द २५ फ्रेम एकमेकांवर बोलतात. चित्र आणि आवाज वेगवेगळे इन्सर्ट करा. आधी आवाजाचा कट, वाक्याच्या शेवटी श्वास घेतात त्या जागेवर. मग चित्राचा डिझॉल्व्ह, तो आवाजाच्या कटाच्या ६-८ फ्रेम आधी सुरू होईल असा. हवेचा, रस्त्याचा, मंडपातला आवाज असेल तर फॉलो चालेल, उलट तिथे कटच कानाला टोचतो.

फक्त साध्या ट्रॅकवर ऐकून खात्री करा. मॉनिटरचं बटण हाय-फायवर राहिलं असेल तर इन्सर्ट झालाच नाही असं वाटेल.